मुलगी सात महिन्यांची आणि कायदा तीन महिन्यांचा

गेल्या आठवड्यात, मुलगी दत्तक घेतल्यानंतरची दुसरी फॉलोअप भेट झाली. सामाजिक कार्यकर्त्या ताई आल्या, मुलीचं वजन-उंची लिहून घेतली, लसींचं कार्ड बघितलं, सासूबाईंशी बोलल्या, फोटो काढले आणि चहा घेऊन गेल्या. अजून दोन भेटी बाकी आहेत. पण आता जीव थाऱ्यावर आहे, म्हणून लिहायला बसले. हा फेब्रुवारी २०२५ आहे. पुढे नियम बदलले तर तारीख बघून वाचा. दत्तक कसं घ्यायचं हे सांगणारे बरेच भेटतात. नोकरी करणाऱ्या बाईला त्यात रजा किती आणि पगार किती, हे विचारायला मात्र मला तेव्हा कोणी सापडलं नव्हतं.

मी जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. यांचं ठिबकच्या सामानाचं छोटं दुकान आहे. घरी सासूबाई, मूळच्या पारोळ्याच्या, घरात अहिराणीच बोलणाऱ्या. लग्न २०१२चं. मधल्या वर्षांतल्या दवाखान्यांबद्दल इथे लिहीत नाही.

११ जानेवारी २०२१ला आम्ही कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी केली. नोंदणीनंतर कागद अपलोड करायला तीस दिवस मिळतात. पॅन, जन्माचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, दोघांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची पत्रं, एकत्र फोटो आणि लग्नाचं प्रमाणपत्र. आमचं अडलं ते या शेवटच्या कागदावर. लग्न पारोळ्याला झालं होतं आणि नोंदणी केलेलीच नव्हती. लग्नपत्रिकेची एक प्रत सासूबाईंच्या पेटीत निघाली, तीन साक्षीदार मिळाले, पण भटजीबुवा तोवर चाळीसगावला मुलाकडे राहायला गेलेले. त्यांची सही आणायला हे मोटारसायकलवर गेले आणि रात्री परत आले. तुम्ही नुसता विचार करत असाल तरी विवाह नोंदणी आजच करून टाका. तीस दिवसांतले आमचे अठरा दिवस त्यातच गेले.

मार्चमध्ये होम स्टडी, म्हणजे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाची पाहणी झाली, फी ६,००० रुपये. मला वाटलं होतं घराची तपासणी होईल, कपाटं उघडून बघतील. तसं काही नसतं. ताईंनी आम्हाला एकत्र बसवून आणि वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. त्यातला एक असा होता : "बाळ आल्यावर सुरुवातीला त्याच्याजवळ कोण असेल? तुम्हाला रजा मिळेल का?"

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात एचआरच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "मिळेल ना ताई, मॅटर्निटी असते की." मी खूश होऊन घरी आले. तीन वर्षांनी ते सर कंपनीत नव्हते आणि त्यांचं ते वाक्य कुठेही लिहिलेलं नव्हतं. होम स्टडीच्या आठवड्यातच कंपनीला दोन ओळींचा ईमेल करून विचारून ठेवा. उत्तर 'नाही' असं आलं तरी तयारीला तीन वर्षं मिळतात.

कारण वाट तेवढीच बघावी लागते. दोन वर्षांखालच्या बाळासाठी आम्ही थांबलो होतो. दर रविवारी सकाळी पोर्टल उघडून प्रतीक्षा यादीतला आपला आकडा बघायचा. कधी महिनाभर हलायचा नाही, कधी एकदम वीसने खाली यायचा. या काळाबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, तो फक्त जातो. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या मुली माहेरी यायच्या, झोके बांधले जायचे आणि मी काही कारण काढून त्या दिवशी ऑफिसला जायचे.

होम स्टडी अहवाल तीन वर्षं चालतो. आमची मुदत मार्च २०२४ला संपत होती, म्हणून मी जानेवारीत नूतनीकरणासाठी फोन करायला सुरुवात केली होती. आणि ६ फेब्रुवारी २०२४ला, मंगळवारी, जीएसटीचं काम डोक्यावर असताना मोबाइलवर मेसेज आला. रेफरल, म्हणजे आमच्यासाठी सुचवलेलं बाळ. साडेसहा महिन्यांची मुलगी, विदर्भातल्या एका विशेष दत्तक संस्थेत. मी स्टोअरच्या मागे जाऊन यांना फोन लावला आणि मला बोलताच येईना.

बाळ राखून ठेवायला ४८ तास मिळतात. तेवढ्यात बाळाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल नीट वाचायचा असतो. आम्ही तो आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवला. त्यांनी अर्धा तास दिला, डोक्याचा घेर आणि वजनाचे आकडे समजावून सांगितले, फी ५०० रुपये घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही होकार नोंदवला. त्यानंतर प्रत्यक्ष भेटून स्वीकारायला तीस दिवस असतात.

८ फेब्रुवारीला मी रजेचा अर्ज दिला. १४ तारखेला नव्या एचआर सरांनी बोलावलं. त्यांच्यासमोर कायद्याची प्रत होती आणि एक ओळ पिवळी केलेली होती. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हा दत्तक घेणाऱ्या आईसाठी बारा आठवड्यांची पगारी रजा आली, बाळ हातात दिल्याच्या दिवसापासून मोजायची. पण अट अशी होती की बाळ तीन महिन्यांखालचं हवं. "तुमचं बाळ सात महिन्यांचं होणार," सर म्हणाले. "यात बसत नाही. शिल्लक अर्जित रजा घ्या, पुढचं बिनपगारी." ते उद्धट बोलले नाहीत. कायद्यात लिहिलेलंच वाचून दाखवलं त्यांनी. मी जागेवर येऊन बसले आणि मार्चअखेरची फाइल उघडली, पण एकही आकडा दिसेना.

हेच उत्तर मी लेखी मागितलं. २० फेब्रुवारीला ईमेल आला, त्यात तीन महिन्यांच्या अटीचा उल्लेख होता. हा ईमेल पुढे फार कामाला आला, कारण मला नेमकं कशाला उत्तर द्यायचं आहे ते त्यात होतं.

त्याच रात्री मी भुसावळच्या मैत्रिणीला फोन केला. ती पोस्टात आहे, म्हणजे केंद्र सरकारची कर्मचारी. तिच्या नियमांत एक वर्षाखालचं मूल दत्तक घेतलं तर १८० दिवसांची रजा आहे, हयात मुलं दोनपेक्षा कमी असली की झालं. वडिलांना पंधरा दिवस. एकाच वयाचं बाळ, आमच्या दोघींच्या गावांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर, आणि तिला सहा महिने तर मला शून्य. मला तिचा हेवा वाटला नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. आणि दुकान चालवणाऱ्या किंवा खासगी नोकरी करणाऱ्या बापासाठी तर कायद्यात एक दिवससुद्धा नाही.

२६ फेब्रुवारीला, सोमवारी, आम्ही मुलीला घ्यायला गेलो. त्याआधी १७ला एकदा भेटून आलो होतो. संस्थेला ५०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट द्यायचा होता, तो शुक्रवारीच काढून ठेवला होता. सह्या खूप होत्या. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येईपर्यंत बाळ 'दत्तकपूर्व संगोपना'त, म्हणजे सगळे ज्याला फॉस्टर केअर म्हणतात त्यात, आपल्या घरी राहतं. त्या कागदावर बाळ सोपवल्याची तारीख असते. त्याच्या तीन प्रती तिथेच मागून घ्या, शिक्क्यासकट. रजा, विमा, डॉक्टर, सगळीकडे पुढचे काही महिने तुमच्याकडे तेवढाच एक कागद असतो.

रेल्वेत ती जागी होती. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा पट्टा तिच्या झबल्यावर हलायचा, त्याकडे बघत होती. घरी आलो तेव्हा सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून दुसरं काहीच निघेना, "मनी नात उनी, मनी नात उनी," माझी नात आली, एवढंच.

पहिल्या आठवड्यातल्या दोन गोष्टी सांगते. रजा कशासाठी लागते ते मला त्यातून कळलं. ती अंधारात झोपायची नाही. दिवा मालवला की अंग ताठ करायची. चौथ्या दिवशी मी संस्थेतल्या मावशींना फोन केला तेव्हा कळलं की तिथल्या खोलीत रात्रभर ट्यूबलाइट चालू असते, एवढ्या बाळांकडे बघायचं म्हणजे ठेवावीच लागते. आम्ही महिनाभर ट्यूब चालू ठेवून झोपलो, मग बल्ब, मग नाइट लॅम्प.

दुसरी गोष्ट, ती रडायची नाही. रात्री दोनला माझी झोप उघडायची आणि ती डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत पडलेली असायची. भूक लागलेली, दुपटं ओलं, तरी आवाज नाही. सासूबाईंना वाटलं, गुणाची पोर आहे. डॉक्टरांनी सांगितलं की रडलं की लगेच कोणी येतं, हे बाळाला शिकावं लागतं आणि ते तिला आता शिकायचंय. "एकच माणूस, रोज, पुन्हा पुन्हा. दिवसभर जवळ असेल असं." मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "तीन-चार महिने तरी नोकरीचं बघू नका."

माझी ३१ दिवसांची अर्जित रजा ३ एप्रिलला संपत होती.

मग मी ते पत्र लिहिलं. ११ मार्च, दुपार, मुलगी मांडीवर झोपलेली आणि मी एका हाताने मोबाइलवर टाइप करतेय. भावनेचं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त तारखांचा हिशेब मांडला, तेवढं मला येतं. हिशेब असा. सोडून दिलेलं बाळ सापडलं की त्याच्या आईवडिलांचा शोध घ्यावा लागतो. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे दोन वर्षांखालच्या बाळासाठी याला दोन महिने आहेत. आईने स्वतः बाल कल्याण समितीसमोर बाळ सोपवलं असेल तर तिला विचार बदलायला दोन महिने द्यावेच लागतात, आणि ते दिलेच पाहिजेत, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यानंतर समिती बाळ दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करते. त्यानंतर अहवाल पोर्टलवर चढतात. मग रेफरल, ४८ तास, तीस दिवस. म्हणजे जन्माच्या पहिल्याच दिवशी संस्थेत आलेलं बाळसुद्धा तीन महिन्यांच्या आत आईच्या हातात पडणं जवळपास अशक्य. एका कायद्याने दिलेली रजा दुसऱ्या कायद्याच्या वेळापत्रकामुळे कुणाला मिळूच शकत नाही.

पुढे मी लिहिलं की कायदा किमान किती द्यायचं ते सांगतो, कंपनीने जास्त देऊ नये असं कुठे म्हणत नाही. म्हणून कंपनीने स्वतःच्या अधिकारात बारा आठवड्यांची पगारी रजा द्यावी. तेवढी शक्य नसेल तर जेवढी जमेल तेवढी द्यावी आणि उरलेले दिवस बिनपगारी धरावेत, पण सेवा खंडित धरू नये. मार्चअखेरचं काम मी घरून टॅलीवर करून देईन, हेही लिहिलं. शेवटची ओळ मी घाबरून लिहिली होती आणि आज ती लिहायला नको होती असं वाटतं. मार्चचे शेवटचे दहा दिवस मी एका पायाने पाळणा हलवत व्हाउचर टाकली आणि ते दिवस परत येणार नाहीत.

सोबत चार कागद जोडले : फॉस्टर केअरचा कागद, काराच्या पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक असलेलं पान, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि मागच्या बारा महिन्यांची हजेरी. शेवटचं यासाठी की या कायद्यात लाभाला आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं; उद्या तोच मुद्दा निघू नये.

उत्तर आलं नाही. आठवड्याने मी फोन केला, "शेठजींकडे आहे." अजून आठवड्याने मीच गेले. शेठजींनी पत्र वाचलेलं होतं, त्यांनी तारखांच्या भागावर पेनाने खुणा केल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे हे तीन महिने कुणालाच लागू होत नाहीत?" मी म्हटलं, "मला तरी अजून कोणी भेटलं नाही." २८ मार्चला ईमेल आला : ४ एप्रिल ते १५ मे, सहा आठवडे विशेष रजा, पूर्ण पगारी. पुढचे दिवस बिनपगारी, सेवा सलग.

सहा आठवडे मिळाले म्हणून मी आभार मानले, मनापासून. तरीही जे बारा आठवडे प्रत्येक आईचे असायला हवेत, ते मालकाच्या मर्जीवर का असावेत, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या कंपनीत दुसरे शेठजी असते तर? या तीन महिन्यांच्या अटीविरुद्ध एका दत्तक आईची याचिका २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला या अटीमागचं कारण विचारलं. ती बातमी मी कापून फाइलला लावली आहे.

सरोगसीबद्दल मला दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून थोडक्यात सांगते. तिथेही बारा आठवडेच आहेत, बाळ हातात आल्यापासून, आणि बाळाच्या वयाची अट नाही. पण कायद्यात 'कमिशनिंग मदर' म्हणजे जिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरलं आहे ती आई. दात्याचं स्त्रीबीज असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाला जरूर विचारा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना जून २०२४ पासून सरोगसीसाठीही १८० दिवस आणि वडिलांना पंधरा दिवस मिळतात. त्याच्या कितीतरी आधी, २०१६ मध्ये, मध्य रेल्वेतल्या एका कर्मचारी बाईंना त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं होतं आणि तिथे त्यांना रजा मिळाली. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हे प्रत्येक बाईला माहीत असायला हवं.

आखाजी त्या वर्षी १० मेला आली. सासूबाईंनी खापरावरचे मांडे केले, शेजारच्या लिंबाला झोका बांधला होता. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले, हे हळूच झोका देत होते. बारा वर्षांत त्या झोक्यावर मी पहिल्यांदा बसले.

त्याच महिन्यातल्या एका पहाटे, साडेतीनला, ती रडली. साधं कुरकुरणं नव्हे, भोकाड. हे धडपडत उठले, सासूबाई बाहेरच्या खोलीतून आल्या. मी घेतल्यावर ती थांबली, माझ्या गाऊनची गळपट्टी मुठीत धरून ठेवली आणि तशीच झोपली. तेव्हा घरी येऊन साडेअकरा आठवडे झाले होते. कंपनीच्या पहिल्या उत्तराप्रमाणे माझा तोवर दीड महिना बिनपगारी गेला असता.

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला लोकसभा निवडणुकीमुळे वेळ लागला. अर्ज निकाली काढायला दोन महिने धरलेले असतात, आमची सुनावणी जूनमध्ये झाली. दोघांनीही जावं लागतं, बाळाला घेऊन. आम्हाला दोन-तीन प्रश्न विचारले, दहा मिनिटांत झालं. १२ जूनला आदेश मिळाला. कामावर मी ३ जूनलाच रुजू झाले होते, म्हणजे एकूण चौदा आठवडे घरी होते. त्यातले बिनपगारी दिवस चौदा हजारांच्या आसपास पडले. फी मिळून ५६,००० रुपये, फॉलोअपचे प्रत्येकी २,००० प्रमाणे ८,०००, प्रवास आणि प्रतिज्ञापत्रं मिळून नऊ हजार. नोंदणी केल्यापासून महिन्याला दोन हजार बाजूला टाकत होते, ते पुरले. बिनपगारी महिन्यात पीएफही भरला जात नाही, हे लक्षात ठेवा.

रुजू झाल्यावर मी पाळणाघराचं विचारलं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. आमच्याकडे दीडशेच्या वर माणसं आहेत, पाळणाघर नाही. "बघू" असं उत्तर आहे. मी दर तीन महिन्यांनी ईमेल करते. माझ्या मुलीला ते कदाचित मिळणार नाही, पण पॅकिंगमध्ये बारा-तेरा बायका आहेत. त्यातल्या एकीने नुकतीच कारावर नोंदणी केली आहे. तिचा पगार एकवीस हजारांच्या आत, म्हणजे तिचं सगळं ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याकडून होणार, आणि तिथेही तीच तीन महिन्यांची अट होती. तिला मी माझं पत्र दिलं आहे.

नव्या नावाचा जन्मदाखला ऑगस्टमध्ये आला, त्यावरून आधार. आधार आल्याच्या संध्याकाळी मी पीएफचं ई-नॉमिनेशन करायला बसले. ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मीच भरून देते, कुठे काय निवडायचं ते पाठ आहे. फोटो तीनदा परत आला, कारण एकातही ती स्थिर बसलेली नव्हती. चौथा चालला. मग नात्याच्या रकान्यातली यादी उघडली आणि 'मुलगी' निवडलं.